चार इंचांचा उंबरा

लाकडाचं घर म्हटलं की माणसं आधी आगीचं विचारतात, मग वाळवीचं. पाण्याचं कुणी विचारत नाही. चाळीस वर्षं बांधकामात काढून मीही विचारलं नव्हतं, आणि ज्यानं विचारलं त्याला मी गप्प बसवलं. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं बरं वाटतं." गमतीदार अनुभव माझ्याकडे पोत्यानं आहेत. भोपाळच्या चार इमली भागातल्या एका बंगल्यातल्या बाईंना व्हरांड्यावर लाकडी खोली हवी होती, फक्त आत शिरल्यावर लाकूड दिसता कामा नये अशी अट होती. जवाहर चौकातल्या एका कापडवाल्याला दुकानावर मजला चढवायचा होता, पण गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून हातोड्याचा आवाज न करता. हे सगळं मी लग्नाकार्यात इतक्यांदा सांगून झालंय की आमच्या मंडळींना पाठ आहे. एकाहत्तराव्या वर्षी त्याच त्याच गमतींचा मला वीट आलाय. तेव्हा संपादक महाशय, हलकंफुलकं यंदा दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या.

आधी धंदा समजावून सांगतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी जुन्या इमारतींची कामं घेऊ लागलो. म्हणजे ज्या इमारती पाडवत नाहीत, नव्यानं बांधणं परवडत नाही, आणि आत माणसं राहतच असतात, अशा. प्लास्टर गळतंय, नळ गंजलेत, वायरिंग कधी पेटेल सांगता येत नाही, आणि राहणारे सत्तरीचे. त्यांना काय हवं असतं? लिफ्ट. ती बसवायची तर पैसा हवा, आणि पैसा येणार कुठून तर गच्चीवरून. गच्चीवर चार नवी घरं बांधायची, ती घेणारी नवी माणसं आणायची, आणि त्यांच्या पैशात खालच्या सगळ्यांचं भलं करायचं. कागदावर फार सुंदर दिसतं हे.

पण साठ-सत्तर सालच्या इमारतींना खांब नसतात. सगळं वजन विटांच्या भिंती पेलतात, आणि त्या भिंती भोपाळच्या काळ्या मातीत उभ्या असतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पन्नास वर्षं उभ्या असलेल्या इमारतीच्या डोक्यावर विटांचा आणखी एक मजला देणं म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं देण्यातला प्रकार. लाकडाच्या मजल्याचं वजन त्या मानानं पावपट भरतं. आणि हे लाकूड म्हणजे जंगलातून आणलेलं ओबडधोबड नाही. कारखान्यात पातळ पट्ट्या वाळवून, एकमेकींना चिकटवून, दाबून त्याच्या तुळया करतात. त्या मापात कापून येतात आणि गच्चीवर नटबोल्टांनी जोडल्या जातात. विटा नाहीत, ढिगारा नाही, खालच्या माणसाला घर सोडावं लागत नाही.

बिट्टन मार्केटपासून पाच-सात मिनिटांवर अशी एक सोसायटी होती. तीन मजले, बारा घरं. बहुतेक नागपूरकडची, म्हणजे छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा फायलींच्या ट्रंकांबरोबर ज्यांचे वडील इकडे आले, त्यांची. माझेही वडील तसेच आले होते. अध्यक्ष होते खानझोडे साहेब, सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. घरी लुंगीत असले तरी बोलताना समोर टेबल असल्यासारखे बोलायचे. तिथं एका आजोबांना दवाखान्यात न्यायचं तर चौघं मिळून खुर्चीसकट उतरवत. खानझोड्यांनी मला ते दाखवलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर इलाज सांगा."

मी इलाज सांगितला. नकाशे काढले. परवानगीच्या खिडकीवर अर्ज घेऊन गेलो, तर फॉर्मात लाकडासाठी रकानाच नव्हता. बाबू म्हणाला, "अन्य में लिख देता हूँ, मगर अन्य में तो झुग्गी आती है." चार महिने हेलपाटे घातल्यावर परवानगी मिळाली. आता घरं घेणारी माणसं हवी होती, आणि कुणी येईना. येत, बघत, विचारत, "लाकडाचं? म्हणजे टपरीसारखं?" एकानं तर पावसाळ्यात दारं फुगतात तसं घर फुगेल का, असं विचारलं. मी त्याला हसलो.

पहिलं घर घेतलं माझ्या बहिणीनं. सुमनताई, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. माझ्या शाळेच्या दप्तरापासून इंजिनिअरिंगच्या डब्यापर्यंत सगळं तिनं पाहिलं. भाऊजी वीजमंडळात होते, ते गेल्यावर ती जवाहर चौकाजवळ भाड्यानं राहत होती. गुडघे गेलेले, घरमालक जागा सोडा म्हणून मागं लागलेला, मुलगी नागपूरला. मी तिच्यासमोर नकाशा पसरला आणि लाकूड का, वजन किती, आगीचं काय, सगळं सांगायला लागलो. तिनं मला मधेच थांबवलं.

"तूच बांधणार ना?"

"हो."

"मग मला काय सांगतोस हे? कुठं सही करायची ते सांग."

भाऊजींच्या मागं उरलेली सगळी पुंजी तिनं त्यात घातली. इंजिनिअरची सख्खी बहीण राहायला येतेय म्हटल्यावर उरलेली तीन घरं महिन्याभरात गेली. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

सुतारकामाला नसीम मिस्त्री होता. जुन्या शहरातला, त्याच्या घरात तीन पिढ्या लाकूडकाम. माझ्याच वयाचा, बारीक, पांढरी दाढी, बोलणं अस्सल भोपाळी, मधूनच समोरच्याला 'खां' म्हणणारं. कारखान्यातल्या तुळया त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. हात फिरवला, वास घेतला, नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "पढ़ी-लिखी लकड़ी है." दुसऱ्या दिवशी तो त्या अशा जोडत होता की जन्मभर तेच केलंय.

काम सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ, गच्चीवर भिंतींच्या रेषा आखलेल्या. त्या रेषांवर आडवी लाकडं टाकायची आणि त्यांच्यावर भिंतींच्या चौकटी उभ्या करायच्या, अशी ती पद्धत. सगळ्या घराचा पाया म्हणजे ही तळाची लाकडं. नसीम त्या रेषांकडे बघत उकिडवा बसला होता.

"साब, एक बात कहूँ? इसके नीचे चार इंच की सीमेंट की दहलीज दे दो. लकड़ी उसके ऊपर खड़ी करते हैं. फ़र्श में थोड़ी ढाल, कोने में पानी की निकासी."

मी म्हटलं, बाथरूमला आणि ओट्याखाली दिलंय की तसं.

"बाथरूम नहीं खां, पूरे घर को. आप लोगों के घर की औरतें दिवाली पे मकान धोती हैं. पोंछा नहीं, धोती हैं. बाल्टी पे बाल्टी. मैंने टी. टी. नगर के क्वार्टरों में तीस साल चौखटें बदली हैं. ऊपर से नई की नई, नीचे का एक बालिश्त गला हुआ."

खरं होतं त्याचं, चौकटी खालून वीतभर कुजायच्याच. आमच्या लोकांत घर पुसून भागत नाही, ते धुवावं लागतं. गौरी यायच्या आधी, घट बसायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. गाद्या बाहेर, डबे बाहेर, मग नळी लावून किंवा बादल्या ओतून खराट्यानं घर घासायचं आणि पाणी मोरीतून काढून द्यायचं. सरकारी क्वार्टरांच्या शहाबादी फरश्यांवर दोन पिढ्या हे चाललं. आणि ह्या दिवशी आमच्यातला पुरुष घरात थांबत नाही. मी तर चाळीस वर्षं त्या सकाळी साइटवर काम काढून पळालोय. संध्याकाळी घर लख्ख असायचं, त्यासाठी किती पाणी लागलं हे मी कधी पाहिलं नाही.

पण उंबरा न ठेवणं हा माझ्या नकाशातला मानाचा तुरा होता. लिफ्टमधून निघावं आणि पाय न उचलता थेट पलंगापर्यंत जावं. गुडघे गेलेल्यांसाठी उंबरा नसलेलं घर, असं मी माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं. चार इंच वाढवायचे तर लिफ्टच्या दाराची पातळी बदलणार, तुळया मापात कापून आलेल्या, जिन्याची पायरी चुकणार. आणि मुख्य म्हणजे खानझोडे साहेबांना जाऊन सांगावं लागणार की मला हे सुचलं नव्हतं, सुताराला सुचलं.

मी नसीमला म्हटलं, "हे लाकूड वेगळं आहे मियां. आणि मी राहणाऱ्यांना नियम लिहून देणार आहे, पाणी टाकायचं नाही म्हणून."

"लिख के दोगे?" त्यानं विचारलं.

"लिहून देईन, सह्या घेईन."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मग "मालिक हो" म्हणाला आणि कामाला लागला.

नियम मी लिहिले. चार पानं, इंग्रजीत. अकराव्या कलमात लिहिलं की फ्लोअर शॅल नॉट बी सब्जेक्टेड टू पाँडिंग ऑर फ्लडिंग. सरळ मराठीत 'घर धुवू नका' असं एक वाक्य मला लिहिता आलं असतं. ते लिहिलं असतं तर चौघींनी तिथंच विचारलं असतं की मग दिवाळीला काय करायचं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. हे तेव्हा मी असं स्वतःशी बोललो नव्हतो, पण हात इंग्रजीकडे वळला तो काही उगाच नाही. ताईनं चारही पानांवर सही केली. वाचलं नाही. भावानं दिलेला कागद कोण वाचतं?

दीड महिन्यात मजला उभा राहिला. खालची माणसं चहाचे कप घेऊन जिन्यात उभी राहून बघायची. गुढीपाडव्याला लिफ्ट सुरू झाली, आणि ते खुर्चीतले आजोबा पहिल्यांदा आपल्या हातानं बटण दाबून खाली आले. खानझोड्यांनी मला हार घातला. आणखी दोन सोसायट्या बघून गेल्या, पेपरात फोटो आला. मी तो फोटो लॅमिनेट करून घेतला, लपवत नाही.

ताईला एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालं. त्याआधी क्वार्टर, मग भाड्याचं. सोमवारी आणि गुरुवारी ती एकटी लिफ्टनं उतरून बिट्टन मार्केटच्या बाजारातून भाजी आणायची, आणि मला फोन करून सांगायची की आज मेथी कशी मिळाली. मेथीत सांगण्यासारखं काही नसायचं. आपण एकट्यानं गेलो हे तिला सांगायचं असायचं.

अडीच वर्षं झाली. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ताईच्या स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं. मी म्हटलं हवा दमट आहे. मग शेजारच्या घराचं अडकायला लागलं. मग ताईच्या बरोबर खाली राहणाऱ्या खानझोड्यांच्या छतावर तपकिरी डाग उमटला आणि त्यांचा फोन आला, "जरा येऊन जा." ह्या वेळी समोर खरंच टेबल असल्यासारखा आवाज होता.

नसीमला घेऊन गेलो. त्यानं ताईच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीच्या दोन पट्ट्या उचकटल्या, भिंतीखालच्या लाकडाला पटाशी लावली, आणि पटाशी आत गेली. जोर न लावता. बोटानं दाबलं तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. वास ओल्या गोणपाटाचा. बाजूनं वाळवीच्या मातीच्या रेघा वर चढत होत्या.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. लाकूड भिजण्यानं कुजत नाही, न वाळण्यानं कुजतं. आणि आमची तिन्ही धुणी येतात ती भाद्रपद ते आश्विन, हवेत ओल असते तेव्हा. पहिलं पाणी वाळायच्या आत दुसरं, दुसरं वाळायच्या आत तिसरं. पट्ट्यांच्या फटींतून ते खाली जायचं आणि तळाच्या लाकडाशी साचून बसायचं, कारण त्याला वाट मीच ठेवली नव्हती.

ताई दारात उभी होती. "काय झालं रे?"

"ताई, तू इथं पाणी टाकत होतीस?"

"म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "घर धुवायचं नाही?"

नसीमनं मला गच्चीच्या कठड्यापाशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अभी भी बच जाएगा साब. ऊपर का माल पूरा सलामत है. एक-एक दीवार को टेक लगा के नीचे का बालिश्त काट देते हैं, दहलीज ढाल देते हैं. दो महीने का काम है. चारों घर बच जाएँगे." मला माहीत होतं तो बरोबर बोलतोय. भिंतीला आधार देऊन खालचा भाग काढायचा, सिमेंटचा उंबरा करायचा, पाण्याला वाट द्यायची. मोठं अवघड काम नव्हतं. फक्त का करायचं हे सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, सभेत मांडतो.

रविवारी सकाळी खाली अंगणात सभा झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सोळा घरांची माणसं. नसीमलाही बोलावलं होतं, तो मागं जिन्याच्या पायरीवर बसला. खानझोडे साहेबांनी फार वेळ घेतला नाही. "इंजिनिअर साहेब, आम्हाला तांत्रिक काही नको. चूक डिझाइनची आहे का वापरणाऱ्यांची, एवढं सांगा."

मी रात्रंदिवस त्या प्रश्नाचीच तयारी केली होती. त्या दोन सोसायट्यांची कामं ठरत आली होती. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक भिंत तिरकी झाली नव्हती, आणि आता म्हणायचं की सुतारानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही? मला ते झेपलं नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही. ताईचं म्हणाल तर, घरचंच माणूस आहे, समजून घेईल, असं मी मनाशी म्हणालो. परक्याला दोष देताना मी कदाचित कचरलो असतो.

मी पिशवीतून कागद काढला आणि अकरावं कलम वाचलं. मग त्याचा मराठीत अर्थ सांगितला. तो अर्थ त्या चार घरांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सह्या दाखवल्या.

उरलेली तिन्ही घरं एका सुरात म्हणाली, आम्ही तर नुसता पोछा लावतो. एकीनं तर आमच्याकडे बादलीच लहान आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या भिंतीखालचं लाकूड मी पाहिलं होतं, पण त्यांना कोण खोटं पाडणार? मग सगळे ताईकडे वळले.

ताई उठून उभी राहिली. गुडघे धरून उठायला तिला वेळ लागला. "मी धुतलं," ती म्हणाली. "गौरींच्या आधी, घटाच्या आधी, दिवाळीला. दोन्ही वर्षं. ह्या वर्षीही गौरींना. सही माझीच आहे."

कुणीतरी मागून म्हणालं, "काय मावशी, वाचायचं तरी."

"हो," ताई म्हणाली आणि बसली.

खानझोड्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला काही सांगायचंय?" नसीमनं मान वर केली. ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नहीं साब." मला वाटलं, मला सांभाळून घेतलं बिचाऱ्यानं. मनातल्या मनात मी त्याचे आभार मानले.

मग मी दुरुस्तीचं बोललो. पण तेव्हा मला कळलं की मी स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, आणि तो पडलाय ताईच्या पायावर. खानझोडे म्हणाले, "चूक डिझाइनची असती तर दुरुस्त करून घेतलं असतं. पण तुम्हीच म्हणता डिझाइन बरोबर आहे, वापर चुकीचा. मग दुरुस्त करून काय होणार? आज धुतलं, उद्या परत धुतील. आणि ते माझ्या डोक्यावर येईल." ह्याला उत्तर होतं, पण ते द्यायला पाच मिनिटं मागं जावं लागलं असतं. हात वर झाले. मजला उतरवायचा ठरला.

चार घरांना सोसायटीनं जमेल तसं परत केलं. बाकीच्या तिघांची मुलंबाळं कमावती होती, त्यांनी दुसरीकडं सोय लावली. ताई दिवाळीच्या आधीच नागपूरला मुलीकडे गेली. तिथं दोन खोल्या, पाच माणसं, त्यात ही सहावी. स्टेशनवर मी तिचं सामान चढवलं. वाटेत तिनं सभेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. गाडी सुटताना म्हणाली, "जेवणाच्या वेळा सांभाळ." मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. म्हटलं, सुटलो.

दिवाळीनंतर मजला उतरवायला घेतला. बोल्ट काढायचे, तुळया क्रेननं खाली सोडायच्या, मी हातात यादी घेऊन खुणा करत होतो. नसीम म्हणाला होता तसंच निघालं. तळाचं एक वीतभर सोडलं तर वरचं सगळं लाकूड ठणठणीत, पट्टी न पट्टी कोरडी. ताईच्या घराची शेवटची भिंत निघाल्यावर नसीम माझ्याजवळ येऊन बसला. त्या दिवसांत तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

"साब, सभा के एक दिन पहले मैं ताईजी के पास गया था."

मी यादीवरून मान वर केली.

"सब बता दिया उनको. दहलीज वाली बात. मैंने कहा, कल मैं बोल दूँगा, मकान बच जाएगा आपका. फिर बोलीं, नहीं नसीम भाई, तुम मत बोलना. मेरा भाई है. वो ख़ुद बोलेगा."

म्हणजे त्या खुर्चीत बसून, गुडघे धरून उभं राहून, सही माझीच आहे म्हणून ती बसली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. सभा पाऊण तास चालली होती. तेवढा वेळ ती माझी वाट बघत होती.

"मग तू का नाही बोललास?" मी नसीमला विचारलं. कसा प्रश्न पाहा.

"बहन ने मना किया था साब," तो म्हणाला. "आपको तो किसी ने मना नहीं किया था."

नसीमनं त्यानंतर माझं काम घेतलं नाही. मीही लाकडाचं काम घेतलं नाही, त्या दोन सोसायट्यांना तब्येतीचं कारण सांगितलं. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला काय सांगता, नागपूरचं तिकीट काढा. ते काढायला मला दीड वर्ष लागलं.

ताई मुलीच्या घरी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून शेंगा सोलत होती. त्याच दिवाणावर ती झोपते. मी शेजारी बसलो आणि एका दमात सगळं बोललो. नसीमनं मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, सभेत लपवलं, चूक माझी होती, तुझी नव्हती. बोलताना मला रडू आलं, ते आवरलं नाही.

ताईनं हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले.

"हे मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मला माहीतच होतं. हे त्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना सांगायचं होतं."

म्हणून इथं लिहितोय. मंडळाचा हा अंक त्या सोसायटीत घरोघरी जातो. सभेला जी माणसं बसली होती, त्यांतले सहा जण आता नाहीत. खानझोडे साहेब गेल्या उन्हाळ्यात गेले. ते शेवटपर्यंत ताईलाच दोष देत होते.